तुरंगलील : शार्ङ्गदेवाच्या तालयादीची एक फ्रेंच प्रत

पोथ्या, बखरी व ताम्रपट यांची आस्था बाळगणाऱ्या वाचकांपुढें ग्रामोफोनच्या तबकड्यांचा विषय काढणें हें प्रथमदर्शनीं विषयांतर वाटेल. परंतु ज्या तबकड्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांवरील कृतीचें नांवच देवगिरीच्या यादवांच्या एका अधिकाऱ्यानें रचिलेल्या ग्रंथांतून उचललेलें आहे. ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकारानें १९४६ ते १९४८ या काळांत रचिलेली ‘तुरंगलील सिंफनी’ ही ती कृति होय. तिच्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत ‘हिंदू ताल’, ‘प्राचीन भारतीय लय’ असे मोघम शब्द वारंवार येतात. हा ‘प्राचीन भारत’ म्हणजे कोण, तर तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिंघण यादवाच्या पदरीं असलेला एक हिशेबनीस. एखादी पोथी कोणत्या गांवीं, कोणाच्या राज्यांत लिहिली गेली हें न सांगतां केवळ ‘पूर्वेकडील जुनें बाड’ म्हणून कोणी सूचींत नोंदविली, तर आपण ती नोंद स्वीकारणार नाहीं. येथेंहि स्वीकारूं नये, इतकेंच प्रस्तुत लेखाचें सांगणें आहे. मात्र तें सांगतांना मेसियाँच्या पदरांत जितकें घालावयाचें तितकें घातलें पाहिजे, आणि आपल्याकडील फाजील अभिमानासहि थोडा आळा घातला पाहिजे.

शार्ङ्गदेवाचें घराणें मूळचें काश्मीरचें. आजा भास्कर दक्षिणेंत आला, बाप सोढल यादवांच्या आश्रयास राहिला, आणि शार्ङ्गदेव स्वतः सिंघणाच्या राज्यांत श्रीकरणाचा अधिकारी झाला. हाच हुद्दा पुढें हेमाद्रीनें भूषविला, हें वाचकांस सांगावयास नकोच. संगीतरत्नाकराचे सात अध्याय. त्यांतील पांचवा तालाध्याय. मार्गतालांचें विवेचन झाल्यावर त्यांत एकशेंवीस देशी तालांची यादी येते. जमाखर्चाची कीर्द ठेवणाऱ्या हाताची शिस्त या यादींत पदोपदीं दिसते, असें म्हटल्यास तो आमचा तर्क समजावा. प्रत्येक तालाचें नांव, त्याचें लक्षण, आणि द्रुत, लघु, गुरु, प्लुत या मूल्यांचा क्रम. लघूची एक मात्रा धरिली तर द्रुत अर्धा, गुरु दोन आणि प्लुत तीन मात्रांचा. एखाद्या मूल्यावर विराम असला तर तें आपल्या निम्म्यानें वाढतें. या चिमुकल्या विरामाची गोष्ट पुढें येणार आहे, म्हणून ती येथेंच ध्यानांत ठेवावी.

हा ग्रंथ संपूर्ण स्वरूपांत छापून आला तो पुण्यासच. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलींत मंगेश रामकृष्ण तेलंग यांनीं तो कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६ व १८९७ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. पुढें अड्यारहून सुब्रह्मण्य शास्त्री यांची आवृत्ति १९४३ पासून दहा वर्षांत चार खंडांनीं निघाली. तींत कल्लिनाथाच्या जोडीस सिंहभूपालाची टीकाहि आहे. आपल्याकडे या ग्रंथावर वाद पुष्कळ झाले, पण ते बहुतेक श्रुति, स्वर आणि राग यांवर. भातखंड्यांच्या पिढीपासून रत्नाकराचा शुद्ध मेळ कोणता या एका प्रश्नानें सर्वांची शक्ति खाल्ली. तालाध्याय त्या मानानें उपेक्षित राहिला. आणि ज्या पानांवरून आपण झपाट्यानें पुढें जात होतों, त्याच पानांच्या भाषांतरापाशीं पॅरिसमधील एक तरुण थबकून राहिला.

तो तेथवर पोंचला तो संस्कृतांतून नव्हे. आल्बेर लाव्हिन्याक यानें संपादिलेल्या फ्रेंच संगीतविश्वकोशाचा पहिला खंड १९१३ सालीं निघाला, त्यांत भारतावरील दीर्घ प्रकरण जोआनी ग्रोसे याचें आहे. ग्रोसे हा संस्कृतज्ञ. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या चौदा अध्यायांची संहिता त्यानें १८९८ सालीं लियों येथें छापिली होती. शार्ङ्गदेवाचे एकशेंवीस देशी ताल त्यानें युरोपीय स्वरचिन्हांत मांडून एक कोष्टक दिलें. मेसियाँच्या हातीं पडलें तें हें कोष्टक. १९३५ च्या ऑर्गनवरील रचनेपासून त्यानें त्याचा उपयोग आरंभिला, आणि १९४४ सालीं आपल्या संगीतभाषेच्या तंत्रावर जो ग्रंथ लिहिला त्यांत शार्ङ्गदेवाचें नांव स्पष्टपणें घेतलें. तेव्हां चोरीचा आरोप येथें मुळींच बसत नाहीं. नांव गाळलें आहे तें मागून येणाऱ्या लेखकांनीं.

पोथ्यांची वंशावळ लावण्याची आपली रीत येथें तंतोतंत लागू पडते. मूळ ग्रंथ, त्याच्या हस्तलिखित प्रती, छापील आवृत्ति, ग्रोसेचें कोष्टक, मेसियाँची वही, वाद्यवृंदाची संहिता, आणि शेवटीं तबकडी; असा हा वंश. प्रत्येक पायरीवर कांहीं गळतें, कांहीं नवें शिरतें. आणि वंश ओळखण्याची आपली हुकमी खूण जी लेखकप्रमाद, तीहि येथें आहे. ‘लक्ष्मीश’ या तालाचें नांव मेसियाँच्या फ्रेंच लेखनांत असें कांहीं उतरलें आहे कीं ‘क्ष्मी’ या जोडाक्षराच्या जागीं ‘क्स्क्मी’ अशी व्यंजनांची गर्दी झाली. संस्कृत जाणणाऱ्याच्या लेखणींतून तें उतरलें नसतें. तो अपभ्रंश पुढें त्याच्यावरील इंग्रजी व फ्रेंच ग्रंथांत जशाचा तसा फिरत राहिला. ज्यानें ज्यानें तो लिहिला त्यानें रत्नाकर उघडून पाहिला नाहीं, हें त्यावरून निश्चित धरावें.

आतां नांवाचा विचार. मेसियाँनें ‘तुरंगलील’ याचा अर्थ मोठ्या विस्तारानें सांगितला आहे. तुरंग म्हणजे घोड्याप्रमाणें धांवणारा काळ, गति आणि लय. लीला म्हणजे सृष्टि, संहार, जीवन व मृत्यु यांचा दैवी खेळ, आणि प्रेमहि. मिळून हें एक प्रेमगीत आणि आनंदाचें स्तोत्र. कवीची कल्पना म्हणून हें ठीक. व्युत्पत्ति म्हणून हें टिकत नाहीं. एकशेंवीस तालांत तुरंगलील हा तेहतिसावा आहे. त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहावें : सिंहलील, गजलील, हंसलील, आणि त्याच्या लगेच पुढें शरभलील. सिंह, हत्ती, हंस, घोडा, शरभ अशी ही प्राण्यांच्या चालींची मालिकाच आहे. तुरंगलील म्हणजे घोड्याच्या चालीचा ताल. त्यांत प्रेमाचा संबंध नाहीं आणि मृत्यूचाहि नाहीं. शिवाय संगीतकाराच्या लेखनांत ‘ली’ वर दीर्घत्वाची खूण आहे, अंत्य अक्षरावर नाहीं. म्हणजे त्यानें लिहिलें तें ‘लीला’ हें स्त्रीलिंगी नाम नव्हे, तर ‘लील’ हें तालाच्या यादींतील रूप. शब्द कोष्टकांतून आला आणि अर्थ शब्दकोशांतून शोधला, असा हा प्रकार आहे. या यादींत ‘निःशंकलील’ नांवाचाहि एक ताल आहे, आणि ‘निःशंक’ हें शार्ङ्गदेवानें स्वतःस लाविलेलें बिरुद. यादी करणारा आपलेंहि नांव यादींत हळूच घालून ठेवतो! नांवांतला गूढार्थच शोधावयाचा तर मेसियाँनें त्या तालापाशीं थांबावयास हवें होतें.

एवढा दोष दाखविल्यावर त्याच्या गुणाकडे वळलें पाहिजे, आणि तो गुण लहान नाहीं. त्याच्या लेखनांत ज्या तालांवर भर आहे ते तुरंगलील नव्हे, तर रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. त्यांपैकीं रागवर्धन हा त्र्याण्णवावा ताल घ्यावा. ग्रोसेच्या कोष्टकाप्रमाणें त्यांत एक द्रुत, एक विरामयुक्त द्रुत, पुन्हां एक द्रुत आणि शेवटीं प्लुत. पाव द्रुताचा निम्मा तुकडा हें माप धरण्याऐवजीं हिशेब सोपा व्हावा म्हणून द्रुतास दोन अंश दिले, तर क्रम होतो २, ३, २, १२. मेसियाँनें तो उलटा केला आणि बाराचे तीन सारखे भाग पाडले : ४, ४, ४, २, ३, २. आतां पाहावें. पहिल्या तीन मूल्यांचें निम्म्यानें लहान रूप २, २, २ असें व्हावयास हवें. मधल्या दोनावर विराम पडल्यामुळें तें २, ३, २ झालें. एका क्षुल्लक विरामानें सरळ प्रमाण मोडलें. या मोडण्यांतून मेसियाँनें आपलें ‘वाढीव मूल्य’ हें तत्त्व काढलें, म्हणजे चाललेल्या लयींत अर्ध्याशा मात्रेची अनपेक्षित भर घालून ती डळमळविणें. आणि २, ३, २ हा क्रम उलटा वाचला तरी तोच राहतो, यांतून ‘न उलटणाऱ्या लयी’ ही दुसरी कल्पना निघाली. या दोन कल्पनांवर त्याच्या पुढील अर्ध्या शतकाच्या संगीताची बरीच इमारत उभी आहे. संस्कृत न येणाऱ्या वाचकानें, परक्या लिपींतील कोष्टकावरून, विरामाचें मर्म इतकें नेमकें पकडावें ही गोष्ट सामान्य नव्हे. आपल्या कित्येक टीकाकारांनीं विरामाचें लक्षण सांगितलें. विराम काय घडवितो हें ऐकिलें मेसियाँनें.

हिशेबाची दुसरी एक पडताळणी रसिकांनीं अवश्य करून पाहावी. १९४१ च्या जानेवारींत गोर्लित्झ येथील जर्मन बंदिवासांत प्रथम वाजविलेल्या त्याच्या चौकडीवाद्यरचनेच्या आरंभीं पियानोस सतरा मूल्यांचा एक लयबंध दिला आहे. वरील रीतीनें रागवर्धनाचीं सहा मूल्यें. चंद्रकलेचे तीन गुरु, तीन प्लुत व एक लघु मिळून सात. आणि लक्ष्मीशाचीं चार. बेरीज बरोबर सतरा. या सतरा मूल्यांवर एकोणतीस स्वरसमूहांची दुसरी माळ फिरत असते. सतरा आणि एकोणतीस या दोन्ही अविभाज्य संख्या. तेव्हां दोन्ही माळा एकाच वेळीं आरंभास येण्यास ४९३ स्वरसमूह वाजावे लागतील, आणि तुकडा त्याच्या कितीतरी अगोदर संपतो.

नेमकें येथेंच आपल्या कानास खटकतें. आवर्तन आहे, पण सम नाहीं. आपल्याकडे ताल हा गाण्याचें माप आहे. गवई त्या मापापासून दूर जातो तो परत येण्यासाठीं. मेसियाँनें मापाचेंच वस्त्र केलें. रागवर्धन त्याच्याकडे गाण्याखालीं चालत नाहीं, तो स्वतःच गाणें होऊन बसतो. त्याखेरीज मार्गतालाध्यायांत ज्या क्रियांचें वर्णन आहे, आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश या निःशब्द आणि ध्रुव, शम्या, ताल, संनिपात या सशब्द, ती हाताची सारी भाषा कोष्टकांत उतरलीच नाहीं, कारण ती स्वरचिन्हांनीं लिहितां येत नाहीं. आणि देशी ताल ज्या प्रबंधांसाठीं होते ते प्रबंधहि मागें राहिले. त्या प्रबंधाध्यायांत आपल्या ओवीचेंहि लक्षण आहे, याची आठवण येथें देणें अप्रस्तुत होणार नाहीं. तालयादी ग्रंथापासून तोडून घेतली म्हणजे ती ओवीपासूनहि तुटते.

पण एका बाबतींत, कदाचित् नकळत, फ्रेंच प्रत मूळाच्या जवळ आली आहे. शार्ङ्गदेवानें देशी तालासाठीं कांस्यतालाचा, म्हणजे कांशाच्या झांजांचा ध्वनि सांगितला आहे; आपल्या वारकऱ्यांच्या हातीं जो टाळ असतो तो त्याच कुळांतला, नांवानेंहि आणि धातूनेंहि. तुरंगलील सिंफनींत झांजा, चिनी झांज, तामताम, नलिकाघंटा, धातुपट्ट्यांचीं वाद्यें आणि काष्ठवाद्यें यांचा एवढा मोठा समुदाय आहे कीं कित्येक ठिकाणीं तंतुवाद्यें केवळ पडदा धरितात आणि लय धातूवर चालते. कृतीच्या दहा भागांपैकीं तिसरा, सातवा आणि नववा या तीन भागांस ‘तुरंगलील’ हेंच नांव आहे, आणि ते तिन्ही या दृष्टीनें ऐकावे. पांचवा भाग सर्वांत लोकप्रिय आहे. आम्हांस तो फार गोंगाटाचा वाटतो. सहाव्यांतील ओंद मार्तनो या विद्युद्वाद्याचा लांबलेला सूर काहींस मधुर लागेल, काहींस पाकासारखा चिकट.

तबकड्यांकडे येऊं. ही सिंफनी बोस्टनच्या वाद्यवृंदासाठीं कुसेवित्स्की यानें मागविली आणि लिओनार्ड बर्नस्टाइन याच्या नेतृत्वाखालीं २ डिसेंबर १९४९ रोजीं तेथें प्रथम वाजली. ती पुरी झाली त्याच सालीं, म्हणजे १९४८ त, अमेरिकेंत मंदगतीची दीर्घ तबकडी विक्रीस आली. हा योगायोग महत्त्वाचा. पाऊण तासाहून बराच अधिक, जवळजवळ सव्वा तास चालणारी ही कृति ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर घातली असती तर वीसेक बाजू लागल्या असत्या, आणि सतरा मूल्यांचा लयबंध मध्येंच तोडून तबकडी उलटावी लागली असती. लयीचे असे लांब हिशेब ऐकणाऱ्यास सलग पोंचविणें हें दीर्घ तबकडीमुळेंच शक्य झालें.

१९५१ सालीं हान्स रोसबाउद यानें बाडेन-बाडेन येथें रेडिओसाठीं केलेलें मुद्रण पुष्कळ पुढें बाजारांत आलें. त्यांत पियानो इव्होन लोरिओ हिचा आणि ओंद मार्तनो जिनेत मार्तनो हिचें आहे. आवाज जुना, पण लयीच्या पदरांत गोंधळ नाहीं. मोरिस ल रू यानें फ्रेंच राष्ट्रीय रेडिओच्या वाद्यवृंदाकडून १९६१ सालीं करविलेलें मुद्रण संगीतकाराच्या देखरेखीखालचें. वाजविणाऱ्या लोरिओ भगिनी, पियानोवर इव्होन आणि ओंद मार्तनोवर जान. तालवाद्यें पुढें, तंतुवाद्यें मागें आणि किंचित् कोरडीं, असा त्याचा तोल आहे. रसिक त्यास ओबडधोबड म्हणतात. आमच्या मतें शार्ङ्गदेवाच्या वाचकानें घ्यावें तें हेंच, कारण विराम जेथें पडतो तेथें तो ऐकूं येतो. सेइजी ओझावा याचें टोरोंटो येथील मुद्रण १९६७ चें. त्यांत वेग अधिक, धार अधिक, आणि उत्साहाच्या भरांत लहान मूल्यें कधीं कधीं चुरडलीं जातात. सिंफनी तीन बाजूंत आटोपून चौथ्या बाजूवर ताकेमित्सू या जपानी संगीतकाराची रचना दिली आहे. १९७७ चें आंद्रे प्रेव्हिन याचें लंडनचें मुद्रण आवाजाच्या ऐश्वर्यांत सर्वांवर मात करतें, पण त्या ऐश्वर्यांत टाळ बुडतो. १९९० सालीं संगीतकारानें संहिता पुन्हां तपासली आणि त्याच सालीं म्युंग-व्हुन चुंग याचें पॅरिसचें मुद्रण त्याच्या समक्ष झालें. शेवटचा शब्द कर्त्याचा मानावा या न्यायानें तें प्रमाण ठरेल. तथापि कर्त्यानें म्हातारपणीं केलेली दुरुस्ती आणि तरुणपणींचा पाठ यांत कोणता घ्यावा हा प्रश्न पोथ्यांच्या संपादकांस जितका अवघड, तितकाच येथें आहे.

तुलनेसाठीं दुसऱ्या एका फ्रेंच कृतीचा निर्देश केला पाहिजे. आल्बेर रूसेल (१८६९–१९३७) हा नाविक दलांतून संगीताकडे आलेला गृहस्थ १९०९ सालीं पत्नीसह हिंदुस्थानांत हिंडला, आणि त्या प्रवासावरून त्यानें ‘एव्होकासिओं’ ही वाद्यवृंदाची तीन भागांची कृति रचिली. ती पॅरिसमध्यें १९१२ सालीं वाजली. जयपूर दुसऱ्या भागांत आहे, काशी तिसऱ्यांत. पहिला भाग वेरूळच्या लेण्यांचा, त्याचें नांवच ‘गुहांच्या छायेंतील देव’ या अर्थाचें आहे. वेरूळ आणि देवगिरी यांत तीन-चार कोसांचें अंतर. म्हणजे त्या एवढ्याशा टापूंतून विसाव्या शतकाच्या फ्रेंच वाद्यवृंदसंगीतास दोन वेळां कारण मिळालें. रूसेलनें जागा डोळ्यांनीं पाहिली आणि आपल्या संगीतांत तिचा ताल-राग जवळजवळ कांहीं घेतला नाहीं. काळोख, दगड आणि थंडावा यांचा ठसा तेवढा घेतला. मेसियाँनें आपली सिंफनी रचिली ती देवगिरीचें दर्शन घेऊन नव्हे, पण तेथील एका माणसाची गणना त्यानें अंकाअंकानें घेतली. वेरूळ ऐकावयाचें तर आम्ही रूसेलकडे जाऊं. झ्डेनेक कोश्लर याच्या नेतृत्वाखालील चेक वाद्यवृंदाच्या तबकडीवर पहिल्या भागाचा मंद आरंभ लेण्यांत पाऊल टाकावें तसा आहे. देवगिरीचा विचार ऐकावयाचा तर मेसियाँ.

आतां आपल्याकडील अभिमानाविषयीं दोन शब्द. ‘आमच्या तालांनीं पश्चिमेस जिंकिलें’ असें म्हणण्याचा मोह येथें होतो. वर दाखविल्याप्रमाणें जिंकिलें तें तालांनीं नव्हे, तर तालांच्या यादीनें. आणि ती यादी आपल्या गवयांनीं कित्येक शतकांपूर्वींच सोडून दिली होती. आज मैफलींत त्रिताल, झपताल, एकताल चालतात. रागवर्धन किंवा लक्ष्मीश मागितला तर तबलजी विचारांत पडेल. सोडून दिलेल्या वस्तूचें भाडें मागतां येत नाहीं. मात्र ती वस्तु कोठची, याचा दाखला देण्याचा अधिकार आणि कर्तव्य आपलें आहे.

हें टिपण जेथें बसून लिहिलें त्या करंज्याच्या शेजारीं चांजे व रानवड या गांवच्या शिळा शिलाहार सोमेश्वराच्या आहेत, शके ११८२ व ११८१ च्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत महादेव यादवानें सोमेश्वराचा पाडाव केला आणि हा समुद्रकांठ देवगिरीच्या राज्यांत गेला. शिळेवर राजा आहे, शक आहे, दानाचा विषय आहे. उन्हापावसांत सातशें वर्षें पडून राहिली तरी तिचा पत्ता लागतो. जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवर पुष्कळदां मुद्रणाचें सालहि छापलेलें नसतें, मग तालाचा उगम कोठून असणार. ज्यांच्या संग्रहांत ही सिंफनी असेल त्यांनीं आपल्या सूचींत ती केवळ संगीतकाराच्या नांवाखालीं न घालतां, ‘संगीतरत्नाकर, तालाध्याय, देशी ताल : व्युत्पन्न कृति, ग्रोसेच्या १९१३ च्या कोष्टकावरून’ अशी जोडनोंद करावी, आणि तीजपुढें मुद्रणाचें साल, नेतृत्व करणारा व वाद्यवृंद लिहावा. तुरंगलील, शरभलील व लक्ष्मीश हीं नांवें रत्नाकरांत आहेत तशींच, शुद्ध लिहावीं. त्याबरोबरच आनंदाश्रम व अड्यार या दोन्ही आवृत्तींतील एकशेंवीस लक्षणें, हस्तलिखितांतील पाठभेदांसह, कांशाच्या टाळांवर एखाद्या जाणत्याकडून वाजवून घ्यावीं आणि तें मुद्रण त्याच कपाटांत फ्रेंच तबकडीशेजारीं ठेवावें. रागवर्धनाचा विराम मधल्या द्रुतावरच आहे कीं नाहीं, हें मग पोथी उघडून आणि कान लावून, दोन्ही रीतींनीं पाहतां येईल.